देवधानाच्या गाठी

सोनतलावाच्या पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, गोमाजी पुढे चालायला लागला, की मागच्यांनी तोंड उघडायचं नाही, असा नियम होता. नियम गोमाजीनंच केलेला, आणि सगळ्यांत जास्त मोडायचाही तोच. टिटवी ओरडली की तिची सगळी कुळकथा सांगायची, पाणकावळा पंख वाळवत बसला की त्याच्या आळसावर दोन शब्द बोलायचे, आणि मध्येच मागचं कुणी शिंकलं तर मात्र डोळे वटारायचे. नागपूरची शिकलीसवरलेली माणसं गळ्यात दुर्बिणी अडकवून त्याच्यामागून निमूट चालत, आणि तो बोट करेल तिकडे माना वळवत.

एरवी गोमाजी साधा शेतकरी. तलावाखाली त्याच्या चार बांधी धानाच्या होत्या, आणि लहानपण सगळं म्हशींमागे याच तलावाच्या काठानं गेलेलं. साकोलीच्या बाजूचं हे रान अभयारण्य झालं, तेव्हा पाहुण्यांना फिरवायला तलाव माहीत असलेला माणूस हवा होता. गोमाजीला बोलावणं आलं, त्याबरोबर एक खाकी शर्ट आला. शर्टाला दोन खिसे होते. त्यातल्या उजव्या खिशानं पुढे घात केला, म्हणून त्याची आत्ताच ओळख करून दिलेली बरी.

गोमाजीच्या बायकोचं, रुखमाचं, पाखरांवाचून काही अडत नव्हतं. त्यांची मुलगी बेबी आदल्या वर्षी लग्न होऊन दिघोरीला गेली, तेव्हापासून घरात दोनच माणसं उरली होती. त्यातलं एक दिवसभर परक्यांपुढे बोलून घरी यायचं, आणि दुसरं दिवसभर गप्प राहून त्याची वाट बघायचं. संध्याकाळी जेवताना मात्र रुखमा बोलायला लागायची. कुणाची गाय व्याली, एकोडीच्या रस्त्यावर कुणाची बैलबंडी उलटली, सानगडीच्या बाजारात कोण कुणाशी भांडलं. गोमाजी जेवत जेवत हूं हूं करायचा. त्याला वाटायचं, आपण फक्त ऐकतो आहोत. ते बोलणं म्हणजेच आपला संसार आहे, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

शहात्तर सालच्या भादव्यात रुखमानं जेवताना एक वेगळीच बातमी सांगितली. ती समजायची तर आधी देवधान म्हणजे काय ते समजून घ्यायला हवं.

तलावाच्या उथळ अंगाला एक भात आपलं आपणच उगवतं. त्याला नांगर नाही, पेरणी नाही, म्हणून ते देवाचं धान. ऋषिपंचमीला बायांनी बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, तेव्हा या धानाचा भात लागतो. पण देवधान मोठं लबाड. दाणा पिकला की झडून पाण्यात जातो. म्हणून लोंब्या बाहेर पडल्या की बाया गुडघाभर पाण्यात उतरतात, पाचपन्नास ताटं एकत्र धरून त्यांना गाठ मारून ठेवतात, आणि पिकल्यावर तो झुबका टोपलीत झोडून आणतात. ते पुढच्या पंचमीपर्यंत गाडग्यात जपून ठेवायचं. गाठ मारायला जुन्या लुगड्याची चिंधी लागते, आणि चिंधीवरून कळतं, कोणता झुबका कुणाचा. दुसरीच्या गाठीला हात लावायचा नाही, हा कायदा. गाठ सुटलेली दिसली, तर मालकिणीनं ते सोडून दिलं असं समजायचं. मग कुणीही बांधावं. या कायद्याला ना कागद होता ना शिपाई, पण तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता.

रुखमा एक दिवस गाठी मारायला गेली, तर देवधानाच्या आत सारसाचं घरटं.

मोडक्या ताटांचा आणि गवताचा मोठा ढीग, पाण्यावर हातभर उचललेला, आणि त्यावर दोन अंडी. मादी उठून बाजूला उभी राहिली. नर मान ताणून दोन पावलं पुढे आला. रुखमा खाली मान घालून, जशी काही ती तिथे नव्हतीच अशी, हळूहळू मागे सरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. चौथ्या दिवशी मादी अंड्यांवरून उठलीच नाही. मग रुखमानं घरट्याच्या चार अंगांनी देवधानाचे चार मोठे झुबके ओढून गाठी मारल्या, असे की वरून कावळ्याला अंडी दिसू नयेत आणि बाजूनं माणसाला घरटं दिसू नये. हिरव्या लुगड्याच्या काठाच्या चार चिंध्या फडकल्या, आणि त्या भागात कुणी बाई फिरकेनाशी झाली.

हे सगळं तिनं गोमाजीला सांगितलं, आणि सांगताना तिचा हात ताटात तसाच राहिला होता. बेबी गेल्यापासून तिचा असा चेहरा गोमाजीनं पाहिला नव्हता.

"पण तुमी कोणाले सांगू नका," ती म्हणाली. "तुमच्या दुरबिनवाल्यांले तं बिलकूलच नाई."

गोमाजीच्या हातात घास होता. तो म्हणाला, "नाई सांगत. हातात अन्न हाये माह्या."

हातात अन्न असताना दिलेल्या शब्दाहून मोठा शब्द त्यांच्या घरात नव्हता.

त्यानंतर रोज संध्याकाळी सारसाची खबर यायची. आज नर बसला होता, मादी चरायला गेली होती. आज दोघांनी मिळून अशी साद घातली की पारीवरच्या म्हशी चमकल्या. गोमाजी हूं हूं करायचा, आणि मनातल्या मनात तळमळायचा. कारण नागपूरचे पुंडलिकराव गुरुजी तीन वेळा येऊन गेले होते आणि त्यांना सारस काही दिसला नव्हता.

पुंडलिकराव शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. स्वभावानं सज्जन, आवाज हळू, आणि पाखराला त्रास नको म्हणून पांढरी टोपीसुद्धा पिशवीत घालून चालणारे. दहाबारा जणांचं मंडळ घेऊन ते यायचे. गोमाजीला ते नावानं हाक मारत आणि त्याचं बोलणं वहीत उतरवून घेत. माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढतो तो खोट्या स्तुतीनंच असं नाही. खऱ्या स्तुतीनं तो जास्त उंच चढतो.

पितृपक्षातल्या एका रविवारी मंडळ पुन्हा आलं. सकाळ चांगली होती. अडई बदकांचा थवा शीळ घालत डोक्यावरून गेला. कमळाच्या पानांवरून लांब शेपटीचे कमळपक्षी चालले होते, वाळलेल्या ताटावर खंड्या बसला होता. गोमाजी एकेकाची ओळख करून देत होता, लोक खूश होत होते. पारीच्या टोकाला पुंडलिकराव थांबले आणि सहज हसत म्हणाले, "गोमाजी, सगळं दाखवलंत. सारस मात्र आमच्या नशिबात दिसत नाही."

एवढंच. त्यात टोमणा नव्हता, आग्रह नव्हता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

"सारस काय, गुरुजी," गोमाजी म्हणाला, "सारसाचे अंडे दाखवतो."

शब्द तोंडातून गेला आणि त्याला रुखमाचा ताटात थांबलेला हात आठवला. पण दहा जणांचे डोळे त्याच्याकडे लागले होते. लांबून दाखवून आणू, त्यानं मनाशी म्हटलं. लांबून पाहिल्यानं काय होतं?

धुऱ्या-धुऱ्यानं, शेतांच्या कडेकडेनं, एकामागे एक, तो त्यांना तलावाच्या पश्चिम अंगाला घेऊन गेला. मंडळी काठावर बसली. गुरुजी तेवढे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्याच्याबरोबर पाण्यात उतरले. सारस त्यांना बघून चाळीस पावलं दूर गेले आणि तिथून हाका घालू लागले. घरट्याजवळ पोचल्यावर गुरुजींना झुबके दिसले, हिरव्या चिंध्या दिसल्या, अंडी दिसली नाहीत. ते म्हणाले, राहू द्या, एवढं पाहिलं तेच खूप झालं, कुणीतरी मुद्दाम झाकलेलं दिसतंय.

"घरचीच गाठ हाये, गुरुजी," गोमाजी म्हणाला. "माह्या बायकोचीच."

आणि त्यानं गाठ सोडली. एक सोडली, मग दुसरी, मग चारही. दुसऱ्या बाईची गाठ असती तर मेला असता पण त्यानं हात लावला नसता. बायकोची गाठ म्हणजे आपलीच, एवढा साधा हिशेब त्यानं केला. तिथेच तो चुकला.

ताटं बाजूला झाली आणि कोवळ्या उन्हात दोन अंडी उघडी पडली, फिकट पांढुरकी, वर तपकिरी ठिपके. एक ताट पुन्हा पुन्हा मध्ये येत होतं, ते गोमाजीनं हातानं मागे धरलं. गुरुजींनी दोन फोटो घेतले, कॅमेरा लगेच बंद केला, आणि परतताना विचारलं, "या गाठी पुन्हा बांधाल ना?"

"बांधतो ना. तुमी चला पुढं, पाय सांभाळा," गोमाजी म्हणाला, आणि चिंध्या त्यानं उजव्या खिशात ठेवल्या.

गुरुजींचा पाय चिखलात रुतला, म्हणून त्यांना हात द्यायला तो आधी काठापर्यंत आला. काठावर मंडळींनी त्याला घेरलं. गुरुजींनी सगळ्यांदेखत त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की चाळीस वर्षांत आपल्याला असा जाणकार भेटला नाही. तेवढ्यात आभाळ भरून आलं, सर कोसळली, सगळे धावत वनखात्याच्या विश्रामगृहाकडे निघाले आणि गोमाजी सगळ्यांत पुढे धावला. तिथे चहा झाला. चहावर पुन्हा तीच स्तुती झाली. घरी आला तेव्हा तो आनंदानं भिजलेला होता आणि पावसानंही. शर्ट खुंटीला टांगला, जेवला, आणि रुखमा पहाटे पाहिलेल्या सारसाची खबर सांगायला लागली तेव्हा हूं हूं करता करता झोपला.

सोमवारी सकाळी तो वनखात्याची डाक घेऊन साकोलीला गेला. रुखमानं ओला शर्ट धुवायला घेतला. दगडावर आपटण्याआधी खिसे चाचपायची तिची सवय. उजव्या खिशातून हिरव्या काठाच्या चार चिंध्या निघाल्या.

शर्ट तसाच टाकून ती तलावाकडे निघाली. वाटेत शेजारची सुंदरबाई आणि तिच्यासोबतच्या तिघी समोरून आल्या, ओल्या लुगड्यानं, हसत. सुंदरबाई म्हणाली, "रुखमा, तुह्या गाठी तं साऱ्या सुटल्या होत्या वं. तू सोडून देलं वाटलं, म्हून आमी बांधून घेतलं." मग आवाज उतरला. आत पाखराचं घरटं आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. त्या चौघी सकाळभर तिथे गाठी मारत होत्या. सारस भोवती ओरडत फिरत होते, जवळ यायला धजत नव्हते. बायांची पाठ वळली तेवढ्यात कावळ्यांनी काम केलं. घरट्यात आता फुटक्या कवचाशिवाय काही नव्हतं.

सुंदरबाईची काही चूक नव्हती. ती कायद्यानं वागली होती, आणि हे रुखमाइतकं कुणालाच कळत नव्हतं.

संध्याकाळी गोमाजी परतला तेव्हा उंबऱ्यावर चार चिंध्या ओळीनं वाळत घातलेल्या होत्या. रुखमा आतून आली. ती रडली नव्हती. तिनं फक्त विचारलं, काहून सोडल्या?

तेव्हा खरं बोलता आलं असतं. पण ज्याला काल दिवसभर शाबासकी मिळाली आहे, त्याला आज संध्याकाळी गुन्हेगार होणं जड जातं. गोमाजी म्हणाला, "गुरुजींनं सोडायले लावलं. पाहुण्या माणसाले नाई कसं म्हणू?"

रुखमा म्हणाली, "बरं."

त्यानं वाट पाहिली. ती ओरडेल, निदान भांडी आपटेल, माहेरी जाईन म्हणेल. तिनं भात वाढला. मंगळवारी पहाटे तो आपल्या दुपट्ट्याच्या चिंध्या घेऊन तलावात उतरला, तर तिथे सुंदरबाईच्या लाल चिंध्या होत्या आणि मधे उजाड ढीग. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय. सारसाची जोडी आठवडाभर आसपास फिरली आणि मग दिसेनाशी झाली. पुढच्या वर्षी आली नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही.

आणि रुखमाचं बोलणं थांबलं. रुसवा म्हणावा तर तसंही नाही. विचारलं तर सांगायची, हाक मारली तर यायची, आजारपणात रात्ररात्र पायाशी बसायची. पण जेवताना आपण होऊन काही सांगायचं, ते संपलं. गाय व्याली तर गोमाजीला ते गोठ्यात गेल्यावर कळायचं. बेबीला मुलगा झाला, ते त्याला केवळराम पोस्टमननं सांगितलं. घरी येऊन तो म्हणाला, तुले मालूम होतं? ती म्हणाली, होतं. ऋषिपंचमीला ती परसातली भाजी खाऊन राहायची, देवधानाचा भात करायची नाही. तलावात ती पुन्हा उतरलीच नाही. गोमाजी हूं म्हणायला कान लावून बसायचा आणि समोर नुसता चुलीचा आवाज यायचा.

गुरुजींनी दिवाळीनंतर तो फोटो मोठा करून, चौकट घालून पाठवला. तो विश्रामगृहाच्या दिवाणखान्यात लागला. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'सारसाचे घरटे, सोनतलाव, १९७६. वाटाड्या: गोमाजी.' फोटोच्या उजव्या कोपऱ्यात ताटं मागे धरणारा एक हात आला होता, आणि बोटांत अडकलेली चिंधी. येणारा प्रत्येक पाहुणा विचारायचा, हे कुठं बघायला मिळेल? गोमाजी म्हणायचा, आता नाही. आणि बोलताना तो असा उभा राहायचा, की उजवा कोपरा त्याच्या खांद्याआड जावा.

अशी आठ वर्षं गेली.

चौऱ्याऐंशीच्या थंडीत नागपूरच्या एका शाळेचं शिबिर आलं, चाळीस मुलं. खानसामा तापानं पडला, म्हणून गावातून भाकरीला बाया बोलावल्या. त्यांत रुखमा आली. गोमाजीला हे माहीत नव्हतं. तिनं सांगितलं नव्हतं. मुलांना पारीवर नेण्याआधी तो दिवाणखान्यात शिरला, तर रुखमा पिठाच्या हातानं फोटोसमोर उभी. विश्रामगृहात ती आयुष्यात पहिल्यांदाच आली होती. तिला वाचता येत नव्हतं. पण या फोटोतलं तिला वाचायला लागणार नव्हतं.

गोमाजीचे पाय दारातच थांबले. तिनं मागे न बघता बोट उचललं आणि कोपऱ्यातल्या हाताजवळ नेलं.

"हा हात तुमचा."

"हो."

"अन् हा माह्या लुगड्याचा काठ." तिचं बोट अंड्यांकडे सरकलं. "किती चांगले दिसून राहिले अंडे. गुरुजींनं सोडायले लावलं म्हणत होते ना तुमी?"

आठ वर्षं हे उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं. पाऊस आला, गुरुजींचा पाय रुतला, माणसं घाईत होती. पण त्या क्षणी त्याला भयंकर लाज वाटली, आणि लाजेनंच खरं वदवलं.

"नाई," तो म्हणाला. "गुरुजी तं राहू द्या म्हणत होते. मीच सोडल्या. वापस बांधतो म्हणलो, अन् इसरलो."

रुखमा वळली. "इसरले?"

"इसरलो. बस, एवढंच."

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. मग हळू म्हणाली, "मले वाटलं, पाहुण्यांपुढं माह्या बोलण्याची तुमाले काही किंमत नाई. म्हून म्हणलं, आता बोलायचं तरी कायले." पदरानं तिनं हात पुसले, पीठ तसंच राहिलं. "तवाच इसरलो म्हणाले असते, तं भांडली असती मी तुमच्यासंगं. आठ दिवस भांडली असती, अन् झालं असतं."

आतून सुंदरबाईनं हाक मारली, तवा तापला होता. रुखमा गेली. गोमाजीनं चाळीस मुलांना पारीवर फिरवलं आणि बोट दाखवण्यापलीकडे एक शब्द बोलला नाही. मुलांच्या मास्तरांना वाटलं, वाटाड्या फार शिस्तीचा आहे.

संध्याकाळी तो ताटावर बसला. रुखमा वाढत होती. त्यानं घास हातात घेतला, तो तोंडात घातला नाही, आणि अजिजीनं म्हणाला, "भांड ना मंग आता. जेवढं मनात हाये तेवढं भांड."

रुखमा विचार करत उभी राहिली. खरोखर आठवत होती ती.

"आता काय भांडू जी," ती म्हणाली. "काय काय बोलायचं होतं, ते सारं इसरली मी."

आणि वरण आणायला ती चुलीकडे वळली.